स्वारीची मोटार

दिवाण कोटणीसांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, चष्मा काढून उपरण्याला पुसला, आणि मोटार देता येणार नाही असं सांगितलं.

सकाळचे पावणेआठ झाले होते. मी त्यांच्या बंगल्याच्या ओसरीवर उभी होते. अंगावर पहाटेपासूनची चुरगळलेली साडी आणि बाहीवर रक्ताचे डाग. मी डॉक्टर होते त्या कळसगड संस्थानच्या दवाखान्यात हौसा नावाची एका चुना भाजणाऱ्या लोणाऱ्याची बायको अडली होती. मूल आडवं होतं, त्याचा एक हात आधीच बाहेर आला होता, आणि आत हात घालून मूल फिरवण्याची वेळ टळून गेली होती. पोट उघडल्याशिवाय दोघांतलं कुणीच वाचणार नव्हतं. तेवढं मोठं काम करायला कळसगडच्या दवाखान्यात ना भूल देणारं माणूस होतं, ना हत्यारं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल चौतीस मैलांवर होतं. दवाखान्याची व्हॅन चार महिने विटांवर उभी होती आणि संस्थानच्या दोन्ही सर्व्हिस मोटारी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या होत्या.

तो १९४८ सालचा मार्च महिना होता. त्याच दिवशी सकाळी दहा वाजता आमचं संस्थान मुंबई इलाख्यात विलीन व्हायचं होतं. मैदानावर मांडव घातला होता. राजेसाहेब तिथे शेवटच्या स्वारीने जाणार, कागदावर सही करणार, आणि दीडशे वर्षांचा कारभार संपणार, असा कार्यक्रम होता.

कोटणीस वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, मोटार राजेसाहेबांना मैदानावर घेऊन जाणार आहे, आणि दहा वाजता मुंबई सरकारच्या ताब्यात द्यायच्या वस्तूंच्या यादीत तिचा पहिला नंबर आहे. वाटेत काही झालं तर जाब कुणी द्यायचा? बारानंतर विचारून बघतो. मी म्हटलं, बारानंतर मला गाडी लागणार नाही, चार माणसं लागतील. राजेसाहेबांना भेटू द्या म्हटलं, तर ते देवघरात होते.

ओसरीच्या खाली, हातात टोपी धरून, ड्रायव्हर दस्तगीर उभा होता. तो दिवसाचे हुकूम घ्यायला आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी तशीच दवाखान्याकडे पळत निघाले.

त्या मोटारीबद्दल थोडं सांगायला हवं. लोक तिला स्वारीची मोटार म्हणत. डेमलर कंपनीची, थेट विलायतेहून राजेसाहेबांच्या राज्यारोहणासाठी बनवून आणलेली. काळी आणि खाली गर्द तांबडी, एखाद्या खोलीएवढी लांब. दोन्ही दारांवर संस्थानची मुद्रा, पुढे झेंड्याची दांडी, आणि मागचं छत असं की ते दुमडून ठेवलं म्हणजे आत बसलेले राजेसाहेब सगळ्या गावाला दिसावेत. दसरा, वाढदिवस आणि गव्हर्नरसाहेब आले तर, एवढेच दिवस ती बाहेर पडायची. आणि चालायची कशी, तर पुढच्या बँडवाल्यांच्या पावलांनी. अकरा वर्षांत तिला त्याहून जोरात गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मी दवाखान्यात येऊन हौसाची नाडी बघत होते, तेवढ्यात कंपाउंडर धावत आला. फाटकात स्वारीची मोटार उभी होती.

दस्तगीर दार उघडून उभा होता. पांढरा गणवेश, लाल पट्टा, सगळं समारंभाचं.

"सरकारांचा हुकूम झालाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "पेशंट आणा."

मी काहीच विचारलं नाही. विचारायला वेळ कुठे होता? आम्ही चौघांनी हौसाला चादरीसकट उचललं आणि मागच्या राखाडी गादीवर ठेवलं. खाली रबराचं कापड घातलं. हौसाची सासू दुमडत्या खुर्चीवर बसली. हौसाचा नवरा शिदू भट्टीवर होता. चुन्याची भट्टी एकदा पेटली की ती सोडून हलता येत नाही, म्हणून पहाटे बायकोला आणि आईला बैलगाडीतून दवाखान्यात पोचवून तो परत गेला होता. मी दोन सीटांच्या मधे जमिनीवर गुडघे टेकले. दुसऱ्या कुठल्याही मोटारीत हे जमलं नसतं. ह्या मोटारीत माझी बॅग, पाण्याची कळशी आणि मी, एवढं सगळं मावून वर जागा उरली होती.

मिरजेचा रस्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जायला राजरस्त्याशिवाय वाट नव्हती, आणि राजरस्त्यावर सात वाजल्यापासून माणसं उभी होती. शाळेची मुलं ओळीत, हातात झेंडूच्या पाकळ्या. कमानी, पताका. देवळासमोर बँड. स्वारी पावणेदहाला निघायची होती आणि आता सव्वाआठ वाजले होते. पण मोटार दिसली म्हणजे स्वारी आली, एवढंच लोकांना माहीत.

मी पडदे ओढून घेतले. फटीतून मला दिसलं, बँडमास्तरने घाईघाईने काठी वर केली, वाजवणाऱ्यांनी विड्या टाकून पितळी वाद्यं तोंडाला लावली, आणि जयजयकार सुरू झाला. पाकळ्यांचा सडा काचेवर पडला. दस्तगीर सवयीने हळू झाला. एका अंगणवाल्या घरापुढे पाच सुवासिनी आरत्यांची ताटं घेऊन रस्त्यातच आल्या होत्या.

मी ड्रायव्हरच्या आणि आमच्या मधल्या काचेवर बुक्की मारली. दस्तगीरने काच सरकवली.

"थांबायचं नाही," मी म्हटलं.

"थांबत न्हाई," तो म्हणाला, आणि त्याने हॉर्न दाबला. त्या मोटारीला हॉर्न आहे हे गावाला त्या दिवशी कळलं. सुवासिनी बाजूला झाल्या, एकीचं ताट खणखणत पडलं, आणि मग माझी पाठ मागच्या सीटला टेकली. मोटार धावू लागली होती.

तो क्षण मी आज बहात्तराव्या वर्षीही विसरलेले नाही. भीती वाटायला हवी होती, पण माझ्या छातीत काहीतरी उसळलं. इतकी वर्षं मान खाली घालून चाललेली ती जड, मिरवणुकीतली मोटार एकदम हलकी झाली. गिअर बदलल्याचा धक्का नाही, इंजिनची घरघर नाही. नुसती दोन्ही बाजूंची वडाची झाडं जवळ यायची आणि मागे जायची. दस्तगीर पुढे वाकून बसला होता. आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि ते चमकत होते.

"चाळीस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पन्नास."

मी लाकडी नळी हौसाच्या पोटावर ठेवली आणि कान लावला. खडखडणाऱ्या व्हॅनमध्ये मला काय ऐकू आलं असतं? इथे मात्र, थोडा श्वास रोखला की, मुलाचं काळीज ऐकू येत होतं. मोजलं. एकशे चाळीस. मूल अजून जोमात होतं. मी हे मोठ्याने बोलले तर पुढून दस्तगीरने विचारलं, म्हणजे चांगलं का? मी म्हटलं, आत्तापुरतं चांगलं.

संस्थानच्या हद्दीवर जकातनाका होता, रस्त्यावर साखळी. नाक्यावरच्या दोन शिपायांनी लांबूनच झेंडा ओळखला, साखळी खाली टाकली आणि बंदुका उभ्या धरून सलामी दिली. मी पडद्यामागे रक्ताळलेले हात घेऊन बसले होते. हौसाची सासू खिडकीशी होती, तिच्या बाजूचा पडदा नीट बसत नव्हता. सलामी बघून म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडून गंभीरपणे नमस्कार केला. असल्या वेळीही मला हसू फुटलं. हौसाने डोळे उघडून विचारलं, काय झालं? सासू म्हणाली, "काय न्हाई गं. तुझ्यासाठी बंदुका धरल्यात."

मग नदी आली.

त्या वेळी तिथे पूल नव्हता. मार्चमध्ये पाणी घोट्याएवढं, पण आधी आणि नंतर पन्नास-पन्नास हात वाळू. उसाच्या गाड्यांनी तिच्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. हलक्या मोटारीसुद्धा तिथे रुतून बसत, आणि ही तर हत्तीच्या वजनाची. दस्तगीर काठावर थांबला, खाली उतरला, वाळूवर चार पावलं चालून आला. मी नळी लावली. एकशे दहा. परत मोजलं. एकशे आठ.

"दस्तगीरभाई, मूल दमायला लागलंय."

त्याने मान हलवली. मला वाटलं आता हा जोरात घालणार. पण तो पुन्हा बसला आणि मोटार बँडच्या चालीवर सोडली. अगदी तशीच. इंजिनचा आवाज न वाढवता, चाक एकदाही जागच्या जागी न फिरवता, पाऊल पाऊल. तो तोंडातल्या तोंडात ठेका मोजत होता. दसऱ्याला बँडमागून जाताना मोजायचा तोच असणार. पलीकडच्या काठावर उसाचे गाडीवान बैल सोडून बघत उभे होते, ओढायला लागणार म्हणून दोर काढून. दोर लागला नाही. ओल्या वाळूवरून ती मोटार जशी गेली, तशी देवाची पालखी जाते.

वर चढल्यावर तो म्हणाला, "आता पकडून बसा."

पुढचे वीस मैल आम्ही किती वेळात गेलो ते मला सांगता येणार नाही. एकदा दस्तगीरच्या तोंडून "पासष्ट" ऐकलं. मागे धुळीचा असा लोट उठला होता की रस्ताच नाहीसा व्हायचा. हौसाची नाडी माझ्या बोटाखाली धाग्यासारखी झाली होती. मी तिच्याशी बोलत राहिले. पहिल्या दोन मुलांची नावं विचारली, भट्टीत दगड किती लागतात ते विचारलं. ती एकेका शब्दाने उत्तर देत होती, मग तेही थांबलं. नळीतून येणारा ठोका नव्वदवर आला तेव्हा मिरजेची पहिली घरं दिसली.

हॉस्पिटलच्या आवारात झेंड्याची मोटार शिरताच मोठ्या मेट्रनबाई स्वागताला पायऱ्या उतरून आल्या. मी दार उघडून बाहेर पडले आणि त्यांनी माझे हात पाहिले. दोन मिनिटांत हौसा टेबलावर होती.

मुलगी झाली. निळी पडलेली, गप्प. तिच्या पाठीवर चापट्या मारून, तोंडातला चिकटा ओढून काढून, तिला रडवायला आम्हाला चार मिनिटं लागली. ती आता आजी झाली आहे. हौसाला रक्त द्यावं लागलं, पण तासाभराने तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर मोटारीची गादी खराब झाली का.

गादी खरंच खराब झाली होती. मी बाहेर आले तेव्हा दस्तगीर गणवेशाचा कोट काढून, विहिरीचं पाणी आणून ती धूत होता. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं मी सांगितलं. त्याने ओले हात आभाळाकडे उचलले, काहीतरी पुटपुटला, आणि पुन्हा धुवायला लागला. दुपारी तीनपर्यंत तो धूतच होता. मला त्याचं नवल वाटलं, पण मी इतकी खुशीत होते की त्याचा विचार केला नाही.

परत येताना सासू हॉस्पिटलातच राहिली. मी पुढे दस्तगीरच्या शेजारी बसले. मी एकटीच बडबडत होते. राजेसाहेबांचे आभार कसे मानू, त्यांनी ऐन स्वारीच्या वेळी गाडी दिली, दुसऱ्या कुणी दिली असती का. दस्तगीर हूं हूं करत होता. हद्दीवरच्या नाक्याशी एक शिपाई धावत आला आणि म्हणाला, "सरकार चालत गेले की आज मैदानावर. उन्हातनं. उघड्या डोक्यानं."

साखळी पडली, पण दस्तगीरने मोटार पुढे नेली नाही. हात चाकावर ठेवून तो बसून राहिला.

"बाईसाहेब, हुकूम नव्हता," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. दिवाणसाहेबांनी मला नाही म्हटलेलं त्याने ऐकलं होतं. तो मोटारखान्यात गेला, आणि मोटार काढून थेट दवाखान्यात आला. राजेसाहेब देवघरात होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दहा वाजता मुंबई सरकारची होणारी मोटार त्याने आठ वाजताच पळवली होती. मी विचारलं, असं का केलंत?

"तुम्ही चार माणसं लागतील म्हणालात ना, ते ऐकवलं न्हाई," तो म्हणाला. "आणि खोटं कशाला बोलू, हिला एकदा पळवून बघायचीबी होती."

मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर आत येईन आणि मीच नेली म्हणून सांगेन. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नसावं. उरलेला रस्ता आम्ही अगदी हळू आलो.

राजवाड्याच्या पोर्चमध्ये राजेसाहेब एकटेच वेताच्या खुर्चीवर बसले होते. ते तेव्हा चाळिशीचे असतील. बुजरे, कमी बोलणारे. पगडी, अंगरखा नव्हता. साधा सदरा, धोतर. पगडीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. दस्तगीर खाली उतरला आणि त्यांच्या पायाशी वाकला.

"सरकार, चूक झाली," तो म्हणाला.

"कसली चूक?" राजेसाहेब म्हणाले. "मोटार मी पाठवली होती. दिवाणांना सांगितलंय, मुंबईच्या त्या अधिकाऱ्यांना सांगितलंय, मैदानात सगळ्या गावासमोर सांगितलंय. आता तू वेगळं सांगून मला खोटा पाडू नकोस."

दस्तगीर उठलाच नाही. राजेसाहेब माझ्याकडे वळले आणि बाई कशी आहे विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते लहान हसू मला अजून दिसतं. मग ते म्हणाले, "मैदान फक्त पाऊण मैलावर आहे हो, दिघेबाई. मला इतकी वर्षं वाटत होतं, चांगलं दोन मैल असेल." चालताना ओळी मोडून लोक त्यांच्या बरोबरीने आले होते. एका म्हातारीने त्यांचा हात धरून, ऊन लागतंय का विचारलं होतं. हे सांगताना त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या बाईच्या नवऱ्याला कळवलं का?"

मी म्हटलं, अजून नाही, तो भट्ट्यांवर असतो, तिकडे माणूस पाठवते. राजेसाहेबांनी पश्चिमेकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं, पण अजून उजेड होता. मोटार आता उद्या सकाळी आठला अधिकाऱ्यांच्या हाती द्यायची ठरली आहे, ते म्हणाले, म्हणजे आजची संध्याकाळ आपली आहे. दस्तगीरने धावत जाऊन मागचं दार उघडलं. राजेसाहेबांनी ते लावलं आणि ते पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

"सकाळी नेलीस तशी ने," ते दस्तगीरला म्हणाले.

भट्ट्या गावाबाहेर तीन मैलांवर. पहिला मैलभर राजेसाहेबांनी दोन्ही हातांनी पुढची फळी पकडून ठेवली होती. मग हात सोडले. मग काच खाली केली आणि वाऱ्यात तोंड धरलं. मागे बसून मला त्यांचे केस उडताना दिसत होते. मधेच त्यांनी मागे वळून विचारलं, नेमकं काय सांगायचं? मी म्हटलं, मुलगी झाली, सहा पौंडांची, बाळंतीण शुद्धीवर आहे. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, पौंड त्याला कळतील का? दस्तगीर म्हणाला, तीन शेर म्हणा, सरकार. ते उरलेल्या वाटेत ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होते. मुलगी, तीन शेर, शुद्धीवर. सकाळच्या भाषणापेक्षा ह्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटत असावी.

भट्ट्यांपाशी रस्ता संपला. पुढे दगडांचे ढीग होते. राजेसाहेब उतरले आणि त्यांतून वाट काढत एकटेच पुढे गेले. आम्ही दोघं मागे होतो, पण मी थोडी लांबच राहिले. भट्टीच्या तोंडाशी लाल उजेड होता आणि शिदू लाकडं सारत उभा होता. डोक्यापासून पायांपर्यंत चुन्याने पांढरा. पावलं वाजली तसा तो वळला. सदऱ्यातला हा अनोळखी माणूस बघून त्याच्या हातातलं लाकूड तिथेच राहिलं. बातमी आली आहे हे त्याला कळलं होतं. कुठली, ते कळलं नव्हतं.

"मुलगी झाली," राजेसाहेब भराभर म्हणाले. "तीन शेर. हौसा शुद्धीवर आहे. दोघी बऱ्या आहेत."

शिदू मटकन दगडावर बसला. दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून तो रडला, आणि राजेसाहेब काय करावं हे न कळून त्याच्यापुढे उभे राहिले. मग तेही शेजारच्या दगडावर बसले. बऱ्याच वेळाने शिदूने डोळे पुसले, त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

राजेसाहेबांनी मागे उभ्या मोटारीकडे पाहिलं.

"मी दवाखान्याकडून आलोय," ते म्हणाले.